तारखेआधीचे पंधरा दिवस

श्रावण सरत आला की माझ्या दवाखान्यात एक वेगळीच गर्दी होते. गौरी-गणपती तोंडावर आलेले असतात, घरात पुरणावरणाचा स्वयंपाक असतो आणि तारीख नेमकी गौरीजेवणाच्या दिवशी येत असते. ‘म्याडम, तेवढी पुढं ढकलायची गोळी द्या.’ काहीजणी विचारायलाही येत नाहीत. मेडिकलमधून पट्टी घेतात, दोन गोळ्या खातात आणि ‘थांबली न्हाई, आता काय करू?’ म्हणत येतात. आषाढात वारीच्या आधी हेच, लग्नसराईत हेच. देवाला पाळीची अडचण नसते असं माझं मत आहे आणि कुणी विचारलं तर मी ते सांगतेही. पण सासूबाईंशी वाद तिला घालायचा असतो, मला नाही. तेव्हा पूर्वी कधी रक्ताची गुठळी झाली नव्हती ना, काविळीचा किंवा यकृताचा त्रास नाही ना, एवढं पाहून मी गोळी लिहून देते.

ही गोळी देता देताच पाळी समजावून सांगायची एक सोपी वाट मला सापडली. गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध. तारखेच्या तीन दिवस आधीपासून रोज तीन वेळा घ्यायचं. ते पोटात जात असेपर्यंत गर्भाशयाचं अस्तर जागेवर टिकून राहतं. बंद केलं की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. मी समोरच्या बाईला विचारते, ‘मग सांगा, पाळी कशानं आली?’ बहुतेकजणी म्हणतात, ‘गोळीनं.’ एखादी जरा थांबून म्हणते, ‘गोळी थांबवल्यानं.’ तिला अर्धं शास्त्र तिथंच कळलेलं असतं.

शरीर दर महिन्याला हेच करतं. अंडाशयातून बीज बाहेर पडलं की मागं उरलेल्या फॉलिकलचा, म्हणजे बीजाच्या कोशाचा, पिवळसर गोळा होतो. त्याला पीतपिंड म्हणतात. प्रोजेस्टेरॉन बनवणं हे त्याचं काम, आणि आयुष्य साधारण १४ दिवसांचं. दिवस राहिले तर गर्भाकडून येणारं एचसीजी हे हार्मोन त्याला जगवतं. नाही राहिले तर तो सुकतो, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तराला रक्त पुरवणाऱ्या नागमोडी वाहिन्या आकसतात आणि अस्तर सुटून पडतं. म्हणजे रक्त दिसतं तेव्हा मागच्या महिन्याचा कारभार आटोपलेला असतो. आपण मात्र त्याच दिवसाला ‘पहिला दिवस’ म्हणतो. मोजायला तो सोयीचा, कारण दिसतो तेवढाच.

एकदा हे डोक्यात बसलं की तक्रार ऐकायची पद्धतच बदलते. आज तारीख उलटली असेल तर बिघाड आजचा नसतो. बीज उशिरा फुटलं म्हणून पाळी लांबली, आणि ते का उशिरा फुटलं याचं उत्तर त्याच्याही मागच्या दोन-तीन आठवड्यांत असतं. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनं मला शिकवलेल्या गोष्टींत ही सगळ्यात उपयोगाची: पाळीच्या तक्रारीत मागं जायचं.

मागून मोजायची ही रीत तशी शंभर वर्षं जुनी आहे. जपानमधले स्त्रीरोगतज्ज्ञ क्यूसाकू ओगिनो ऑपरेशनच्या वेळी बायकांची अंडाशयं प्रत्यक्ष पाहत आणि त्यांच्या तारखांशी ताडून बघत. झालेल्या पाळीपासून पुढं मोजून हिशेब लागत नव्हता. त्यांनी येणाऱ्या पाळीपासून मागं मोजलं. १९२४ साली त्यांनी मांडलं की बीज पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी फुटतं. ऑस्ट्रियातले हेर्मान क्नाउस त्यानंतर काही वर्षांत स्वतंत्रपणे साधारण त्याच जागी पोचले. पाळी २६ दिवसांची असो की ३६ दिवसांची, मागचा पंधरवडा फारसा हलत नाही. लांबतो-आखडतो तो आधीचा भाग.

हे पुस्तकात प्रत्येक डॉक्टरनं वाचलेलं असतं, तरी व्यवहारात निसटतं. एक शिक्षिका फाईल घेऊन आली होती. लग्नाला चार वर्षं झालेली. दुसऱ्या गावच्या एका दवाखान्यात एकविसाव्या दिवशी तिचं प्रोजेस्टेरॉन तपासलं होतं, आकडा एकच्याही खाली. ‘बीज तयार होत नाही’ असं तिला सांगितलं गेलं आणि ती बातमी तिच्याआधी सासरी पोचली. मी तिला मागच्या सहा तारखा सांगायला लावल्या. पाळी ३५-३६ दिवसांची, पण अगदी नेमानं येणारी. म्हणजे तिचं बीज फुटणार एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी, आणि प्रोजेस्टेरॉन चढणार त्यानंतर. एकविसावा दिवस हा २८ दिवसांच्या पाळीचा हिशेब; खरा नियम ‘येणाऱ्या तारखेच्या सात दिवस आधी’ असा आहे. पुढच्या महिन्यात एकोणतिसाव्या दिवशी रक्त घेतलं. तीन नॅनोग्रॅमच्या वर आकडा गेला तरी बीज फुटलं असं धरतात. तिचा त्याच्या कितीतरी वर होता. प्रयोगशाळेनं चूक केलेली नव्हती, फक्त दिवस चुकला होता. तो रिपोर्ट तिनं माझ्यासमोर नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाली, ‘हा आता आईंना तुम्हीच वाचून दाखवा.’

फॉलिक्युलर स्टडी करताना हे सगळं डोळ्यांनी बघायला मिळतं. दहाव्या दिवसाच्या सुमाराला सोनोग्राफीच्या पडद्यावर अंडाशयात काही काळे गोल दिसतात, त्यातला एक बाकीच्यांपेक्षा थोराड. तो दिवसाला साधारण दोन मिलिमीटरनं वाढतो. त्याच वेळी गर्भाशयाच्या अस्तरात तीन रेघा स्पष्ट उमटतात. गोल अठरा मिलिमीटर होतो, वीस होतो, आणि एका सकाळी तो तसा नसतो. त्याच्या जागी चुरगळलेला, धूसर आकार असतो आणि गर्भाशयाच्या मागं पाण्याची बारीक काळी चंद्रकोर. पुढच्या काही दिवसांत अस्तराच्या तीन रेघा पुसून जातात आणि ते एकसारखं पांढरट दिसू लागतं. प्रोजेस्टेरॉन कामाला लागल्याची ती खूण. एका बाईनं पडद्याकडे बघत विचारलं होतं, ‘म्हणजे एवढं सगळं दर महिन्याला होतं आणि मला पत्ताच न्हाई?’ जन्माच्या वेळी अंडाशयात दहा-वीस लाख फॉलिकल असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात फुटतात ती जेमतेम चारशे. बाकीची न फुटताच विरून जातात.

त्यातलं एकच पुढं कसं येतं, हे मला अजूनही नवलाचं वाटतं. पाळी येण्याच्या सुमाराला मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे हार्मोन वाढवते. त्यावर अंडाशयातली काही फॉलिकल एकदम वाढीला लागतात आणि इस्ट्रोजेन सोडू लागतात. इस्ट्रोजेन वाढलं की पिट्युटरी एफएसएच कमी करते. आता कमी खुराकावर जे तग धरेल ते पुढं जातं, बाकीची मागं पडतात. इथपर्यंत इस्ट्रोजेनचं काम पिट्युटरीला आवर घालण्याचं. पण त्या एका फॉलिकलनं रक्तातलं इस्ट्रोजेन मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या आसपास नेऊन तिथं दोन दिवस टिकवलं की त्याच हार्मोनचा परिणाम उलटा होतो. पिट्युटरीतून एलएच या दुसऱ्या हार्मोनचा लोंढा सुटतो आणि तो सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांत बीज बाहेर पडतं. आम्ही बीज फुटायचं इंजेक्शन देतो, त्यात एचसीजी असतं. ते या लोंढ्याची नक्कल करतं. म्हणूनच इंजेक्शननंतरच्या तासांचा हिशेब आम्ही एवढा काटेकोर ठेवतो.

पिट्युटरीलाही वरून हुकूम येतो. तिच्या वर हायपोथॅलॅमस आहे आणि तिथून जीएनआरएच नावाचं अवघ्या दहा अमिनो आम्लांचं हार्मोन सुटतं. त्याची रचना १९७१ साली उलगडली. त्या कामासाठी गियमाँ आणि शॅली यांना १९७७ सालचं नोबेल मिळालं. पण माझ्या कामाला जास्त उपयोगी पडलं ते अमेरिकेत पिट्सबर्गला अर्न्स्ट नोबिल यांच्या प्रयोगशाळेत झालेलं काम. त्यांनी माकडिणींच्या मेंदूतलं हे केंद्र निकामी केलं आणि जीएनआरएच बाहेरून दिलं. तासाला एकदा थोडं थोडं दिलं, तर एलएच-एफएसएच पूर्ववत सुरू झाले. तेच औषध सलग सोडलं, तर दोन्ही हार्मोन बंद पडले. १९७८ साली हे छापून आलं. शेतकरी जोडप्याला हे सांगताना मला फार शब्द लागत नाहीत: पाळ्या देऊन पाणी दिलं तर पीक येतं, रात्रंदिवस पाट सोडून ठेवला तर मुळं कुजतात. मेंदूही जीएनआरएच असंच ठोक्याठोक्यानं सोडतो. या ठोक्यांचा वेग पाळीच्या पहिल्या अर्ध्यात तास-दीड तासाला एक असा असतो, प्रोजेस्टेरॉन चढलं की मंदावतो. आणि हा वेग ठरवताना मेंदू पोटात किती अन्न जातंय, अंगावर किती ताण आहे, झोप किती होतेय, हे सगळं विचारात घेतो.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींनी मला हे नीट शिकवलं. पहाटे चारला उठून मैदान, संध्याकाळी पुन्हा मैदान, मधे अभ्यास. एक मुलगी आईबरोबर आली. पाच महिने पाळी नाही. आईचा चेहरा सांगत होता की तिला भलतीच शंका आहे. मुलीला एकटीला बसवून बोलले. तसं काही नव्हतं. वजनही फार कमी नव्हतं, रक्तातलं हिमोग्लोबिन बरं होतं, सोनोग्राफीत अंडाशयं शांत. ‘दिवसभरात काय खातेस?’ विचारल्यावर तिनं बोटांवर मोजलं: सकाळी चहा, मैदानावरून आल्यावर दोन केळी, दुपारी मेसची भाकरी-भाजी, रात्री अंगावर चरबी येऊ नये म्हणून फक्त ताक. जेवढं जाळत होती त्याच्या निम्मंही पोटात जात नसावं. खाणं आणि श्रम यांचा मेळ असा तुटला की काही दिवसांतच एलएचचे ठोके विरळ होतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. अंगावर मांस दिसत असलं तरी शरीर टंचाईच जाहीर करतं. तिला मी हार्मोनची गोळी दिली नाही. गोळीनं रक्त आलं असतं, आई निर्धास्त झाली असती आणि हाडं मात्र झिजत राहिली असती. शेंगदाणे, दूध, अंडी, रात्रीचं पोटभर जेवण आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती, एवढंच लिहून दिलं. तीन-साडेतीन महिन्यांनी पाळी आली. भरतीत ती निवडली गेली की नाही, ते मला कळलं नाही.

मेंदूचा हा ताल औषधांनीही बिघडतो, आणि अशी औषधं बायकांच्या पर्समध्ये असतात. चाळिशीच्या आतल्या एकीची पाळी सहा महिने बंद, छातीतून थेंब थेंब दूध येत होतं. दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढलेलं. मेंदूचा एमआरआय करायचं घाटत होतं. मी तिला पिशवीतली सगळी औषधं टेबलावर काढायला सांगितली. त्यात रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची पित्ताची कॅप्सूल होती, वर्षभर न चुकता घेतलेली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात दोन नावं होती, दुसरं डोमपेरिडोन. हे औषध पिट्युटरीतलं प्रोलॅक्टिन वाढवतं, आणि वाढलेलं प्रोलॅक्टिन वरचे ठोके दाबतं. कॅप्सूल बदलली, काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा केली. प्रोलॅक्टिन खाली आलेलं, आणि त्यानंतर पाळीही आली. तेव्हापासून ‘कुठली औषधं चालू आहेत?’ या प्रश्नावर मिळणाऱ्या ‘काही नाही’ या उत्तरावर माझा विश्वास नाही. पित्ताची गोळी आपल्याकडे औषधात धरतच नाहीत.

हेच प्रोलॅक्टिन बाळंतिणीला काही महिने पाळीपासून सुटका देतं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध आणि पाळी अजून आलेली नाही, हे तिन्ही जुळत असेल तर दिवस राहण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास. पण आमच्याकडे तिन्हीपैकी एकच अट लक्षात ठेवतात. ‘अंगावर पाजतेय, पाळी आलेली न्हाई, मग दिवस कसे जातील?’ बाळ दहा महिन्यांचं, वरचं खाणं सुरू, आणि सोनोग्राफीत तिसरा महिना. इथं मागून मोजण्याचा नियम फार कठोरपणे कळतो. बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसण्याआधी अनेकदा पहिलं बीज फुटून गेलेलं असतं. पाळीची वाट बघणारी बाई पंधरा दिवस उशिरा जागी होते.

शाळकरी मुलींच्या आया वेगळ्या काळजीत असतात. पहिली एक-दोन वर्षं पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी येते. इस्ट्रोजेन वाढल्यावर एलएचचा लोंढा सोडण्याची मेंदूची तयारी अजून पुरी झालेली नसते, त्यामुळं बऱ्याच महिन्यांत बीज फुटतच नाही. मग कधी तरी आई सांगते, ‘आतापर्यंत काही त्रास नव्हता, आता पोट दुखून लोळते.’ अनेकदा ही बिघाडाची नव्हे, तर घडी बसत आल्याची खूण असते. बीज फुटलेल्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन उतरताना अस्तरात प्रोस्टाग्लँडिन भरपूर तयार होतात. तीच गर्भाशयाला पिळतात. मेफेनामिक आम्लाची गोळी ती बनूच देत नाही, म्हणून दुखणं भडकायच्या आधी घेतलेली बरी. मात्र दर महिन्याला शाळा बुडवायला लावणारं दुखणं ‘बाईच्या जातीला असतंच’ म्हणून सोडू नये; त्यामागं एंडोमेट्रिऑसिस असू शकतो.

हल्ली ‘पीसीओडी आहे’ हे निदान मुलीच आम्हाला सांगतात. १९३५ साली शिकागोत स्टाइन आणि लेव्हेंथाल यांनी हा प्रकार प्रथम नीट वर्णन करून ठेवला. सोनोग्राफीत दिसतात त्यांना घरचे ‘गाठी’ म्हणतात आणि ऑपरेशनची तारीख विचारतात. त्या गाठी नसतात; अर्ध्या वाटेत अडलेली फॉलिकल असतात. एलएचचे ठोके जास्त वेगानं, इन्सुलिन वाढलेलं, त्यामुळं अंडाशयात पुरुषी हार्मोन जास्त, आणि बीज फुटायचं राहून जातं. बीज नाही म्हणून पीतपिंड नाही, पीतपिंड नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही. अस्तर नुसत्या इस्ट्रोजेनवर वाढत राहतं आणि तीन महिन्यांनी कोसळतं तेव्हा थांबता थांबत नाही. वजन जास्त असेल तर त्यातलं पाच-दहा टक्के उतरल्यावरही बऱ्याच जणींचं बीज आपोआप फुटू लागतं. हे मी दर आठवड्याला सांगते. पण कॉलेज, क्लास, आणि रात्री दहाला घरी, अशा दिवसात चालायला वेळ कुठून आणायचा, हा त्यांचा प्रश्नही खोटा नसतो.

सगळ्यात जड जातात त्या चाळिशीकडे झुकलेल्या बायका. भारतात पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते. त्याआधीची काही वर्षं बीज फुटणं अनियमित होतं आणि वर सांगितलेलाच प्रकार घडतो: प्रोजेस्टेरॉनवाचून वाढलेलं अस्तर, अंगावर फार जाणं. याला गोळ्या आहेत, हार्मोन सोडणारी तांबीसारखी गर्भाशयात बसवायची साधनं आहेत. आमच्या भागात मात्र सल्ला एकच मिळत आला: पिशवी काढून टाका. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजार बायकांत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. तोडीवर पाळीची सुट्टी म्हणजे खाडा, आणि खाड्याला दंड.

अशीच एक बाई अंगाची आग होते, रात्री झोप नाही, कंबर धरते म्हणून आली. वय पस्तिशीच्या आसपास. पिशवी काढून काही वर्षं झालेली. तिच्या चुरगळलेल्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं की दोन्ही अंडाशयंही काढली. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नुसतं गर्भाशय काढलं असतं तर रक्त थांबलं असतं, पण हार्मोनचं चक्र आत चालू राहिलं असतं. ते गर्भाशयाच्या हातात कधीच नव्हतं. अंडाशयं गेल्यावर इस्ट्रोजेन एका दिवसात गेलं. तिला मी हार्मोनचे उपचार सुरू केले, कॅल्शियम दिलं, हाडांची तपासणी करायला लावली. ती म्हणाली, ‘रोगाचं मूळच काढलं म्हणत होते.’

म्हणून आता तारीख लिहून झाली की मी पेन खाली ठेवते आणि मागच्या दोन महिन्यांत काय काय झालं ते विचारते. ताप, टायफॉइड, घरातलं मरण, परीक्षा, तोडीवरून परतणं, उपास, नवी गोळी, वाढलेलं किंवा उतरलेलं वजन. मग गरज असेल तर थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि बाकीच्या तपासण्या. निम्म्या कारणांवर माझ्याकडे औषध नसतं. पण कारण हाती आलं की नको ती गोळी आणि नको ते ऑपरेशन टळतं, एवढं मी खात्रीनं सांगू शकते. आणि या सगळ्या विचारपूशीच्या आधी लघवीची तपासणी करून घेते, बाई आणि तिची आई दोघी मिळून ‘शक्यच नाही’ म्हणत असल्या तरी.